ऑक्टोबर फुल्ल आहे!

आगेरा, रोझरी, मिशन संडे, कोर्लई, वसई आणि दोन नोव्हेंबर... वांद्र्याच्या गावठाणातल्या एका कॅथलिक घराचा सगळ्यात धावपळीचा महिना

ऑक्टोबर म्हटलं की मुंबईकर दोनच गोष्टी बोलतो. एक हीट आणि दुसरी दिवाळीचा बोनस. ऑफिसात नवरात्राचे नऊ रंग संपतात, लगेच दिवाळीच्या रजांची मारामारी सुरू होते. 'तुमचं काय बाबा, तुमचा सण डायरेक्ट डिसेंबरात,' असं मला दर वर्षी कुणी ना कुणी ऐकवतंच. तेव्हा मी फक्त हसते. कारण आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरात ऑक्टोबरच्या पानावर लिहायला जागा उरलेली नसते. ख्रिसमसची गर्दी एका आठवड्याची. ऑक्टोबर मात्र पूर्ण महिनाभर पळवतो.

थोडी ओळख करून देते. माहेर वसईचं, निर्मळच्या बाजूचं. आम्ही सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी. सासर वांद्र्याचं, ईस्ट इंडियन. इथे नवीन माणूस हमखास विचारतो, 'म्हणजे कलकत्त्याचे का?' नाही हो! इथलेच, मुंबई-ठाण्याचे मूळ रहिवासी. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्यांमुळे हे नाव जवळचं वाटलं आणि 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, असोसिएशन स्थापन करून ते अधिकृत करून टाकलं. घरात बोली मात्र मराठीचीच. सासूबाईंची वेगळी, माझ्या आईची वेगळी. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी दोघींमधली दुभाषी होते!

पहिला रविवार : भात लोकलमधून येतं

सप्टेंबरात मोतमाउलीची जत्रा संपते. मेणबत्त्यांचे स्टॉल उठतात आणि घरात आगेऱ्याची चर्चा सुरू होते. आगेरा म्हणजे आमचा सुगीचा सण, ऑक्टोबरचा पहिला रविवार. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन फादरांकडून आशीर्वादित करून घ्यायच्या, देवाचे आभार मानायचे आणि मग जेवायचं. बायका चौकड्यांचं लुगडं नेसतात, बँड वाजतो, गावठाणातल्या खुरिसापासून मिरवणूक निघते. एरवी जीन्समध्ये वावरणाऱ्या माझ्या नणंदा त्या दिवशी अशा काही नटतात की ओळखू येऊ नयेत.

आता प्रश्न असा, की वांद्र्यात भात कुठे आहे? एके काळी होतं. वांद्रे, खार, सांताक्रूझ, कालिना, सगळीकडे खाचरं होती. आता तिथे कॉफी शॉप आहेत, बुटीक आहेत आणि पार्किंगवरून भांडणं आहेत. सण राहिला, शेत गेलं. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी लोंब्या बाहेरून मागवाव्या लागतात. आमच्या घरच्या लोंब्या मात्र माझ्या दादाच्या खाचरातून येतात आणि त्या आणणं हे लग्नापासून माझं खातं.

म्हणून 2025 मध्ये 4 ऑक्टोबरच्या शनिवारी मी नालासोपाऱ्याला लेडीज डब्यात चढले, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली भाताची पेंढी. लोंब्या धड हिरव्या नाहीत, धड पिवळ्या नाहीत. वासावरूनच अख्ख्या डब्याला कळलं. मिरा रोडला चढलेल्या एका मावशींनी दोन लोंब्या मागून घेतल्या. 'आमच्याकडे दसऱ्याला दाराला बांधायचो गावी. परवा दसरा गेला, बांधायला मिळाल्या नाहीत,' म्हणाल्या. मी दिल्या. बोरिवली येईपर्यंत पेंढी चांगलीच हलकी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाली, लोंब्या आशीर्वादित झाल्या. ममींनी, म्हणजे सासूबाईंनी, घरच्या वेदीवरची गेल्या वर्षीची वाळलेली जुडी काढली आणि तिथे नवी लावली. नव्या तांदळाचे चार दाणे खिरीत टाकले. मग फुगे, सोरपोतेल आणि दुपारची झोप. हा सण मला आवडतो, कारण यात काही मागायचं नसतं, फक्त 'मिळालं' एवढंच सांगायचं असतं.

रोज साडेसात : रोझरी आणि समोसे

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. 7 ऑक्टोबरला रोझरीच्या माउलीचा सण. त्याची मुळं 1571 च्या लेपांतोच्या आरमारी लढाईपर्यंत जातात. पुढे 1883 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ऑक्टोबरचा अख्खा महिना रोझरीला वाहायला सांगितलं. इतिहास एवढाच. वर्तमान असा, की रोज एका घरी माउलीची मूर्ती येते, शेजारीपाजारी जमतात, पाच दशकं म्हटली जातात आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी जाते.

साडेसातची रोझरी गाठायची म्हणजे ऑफिसातून सहाला निघायला हवं. बीकेसीतून सहाला निघणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या बॉसला आता पाठ झालंय. 'आज कुणाच्या घरी?' असं तोच विचारतो.

आमच्या गल्लीतली रोझरी ही एक वेगळीच चीज आहे. पहिलं दशक इंग्रजीत, दुसरं कोंकणीत, तिसरं मराठीत आणि तळमजल्यावरच्या केरळी कुटुंबासाठी एक मल्याळममध्ये. माझी आठ वर्षांची लेक चारही भाषांत शेवटचं 'आमेन' जोरात म्हणते. त्यानंतर खाणं. यात मूक स्पर्धा असते, पण ती कुणी मान्य करत नाही. एका घरी समोसे झाले की पुढच्या घरी पॅटिस, त्यापुढच्या घरी थेट चिकन रोल.

काही रोझरी खुरिसापाशी होतात. वांद्र्यात फिरताना गल्लीच्या तोंडावर दगडी किंवा रंगवलेले क्रूस दिसतात ना? त्यातले बरेचसे 1896 च्या प्लेगच्या साथीच्या वेळचे. रोगापासून वाचव म्हणून लोकांनी ते उभारले. 2020 मध्ये सगळं बंद असताना ममी रोज खिडकीतूनच त्या खुरिसाकडे बघत माळ ओढायच्या. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला.

तिसरा रविवार : मिशन संडे

हा पटकन आटपते. ऑक्टोबरातला शेवटून दुसरा रविवार हा जगभर मिशन संडे. 1926 मध्ये पोप अकरावे पायस यांनी सुरू केला. जगातल्या गरीब मिशनांसाठी निधी जमवायचा, म्हणून चर्चच्या आवारात स्टॉल, हाउझी, लिलाव. आमच्या स्टॉलवर मी कटलेट तळत होते आणि नवरा गल्ला सांभाळत होता. यंदा हा दिवस ऐन दिवाळीच्या आदल्या दिवशी आला. अर्धी गिऱ्हाइकं शेजारच्या सोसायटीतली, कपड्यांच्या खरेदीहून परतणारी. जाताना एक काकू म्हणाल्या, 'उद्या फराळाला या.' गेलो!

दिवाळीची सुट्टी : कोर्लईची 'आपली भाषा'

मुलांना सुट्टी, ऑफिसला सुट्टी, मग घरी कोण बसणार? भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी चढवली, तासाभरात मांडवा. 2020 मध्ये ही फेरी सुरू झाल्यापासून अलिबागचं अंतर मनातनं निम्मं झालंय. अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल आणि पलीकडे कोर्लई.

गर्दी किल्ल्याच्या आणि दीपगृहाच्या वाटेला असते. तुम्हीही जा, झकास आहे. समुद्रात घुसलेली लांबट टेकडी, वरून दोन्ही बाजूंना पाणी. पण आम्ही गेलो होतो ते गावासाठी. इथले ख्रिस्ती लोक घरात जी भाषा बोलतात, ती पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झाली आहे. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. 1740 मध्ये पोर्तुगीज चौलहून गेले. भाषा मात्र गेली नाही. मराठीच्या समुद्रात हे एवढंसं बेट पावणेतीनशेहून अधिक वर्षं टिकलं. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञाने 1996 मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

चर्चजवळच्या एका घराच्या ओट्यावर आजीबाई मासे साफ करत होत्या. नातवाला त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडल्या आणि आमच्याशी चोख मराठीत बोलल्या. 'मुलं बोलतात का?' मी विचारलं. 'घरी बोलतात. अलिबागला गेली की मराठी. मुंबईला गेली की इंग्लिश,' आजी म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, नुसता हिशेब होता.

परतताना लेकीने विचारलं, 'आपल्याकडे पोर्तुगीज शब्द नाहीत?' नवऱ्याने यादीच दिली. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी. 'आणि सगळ्यात लाडका म्हणजे पगार!' मला मात्र दुसरंच सुचत होतं. माझी आजी सामवेदीत भांडायची, आई सामवेदीत बोलते, मला ती नीट कळते आणि लेकीला फक्त गंमत वाटते. चार पिढ्यांत चार पायऱ्या खाली.

चौथा वीकएण्ड : वसई आणि एक सही

शनिवार-रविवार माहेरी. वसईला लोक किल्ला बघायला येतात. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकून घेतली, हे शाळेत सगळ्यांनीच शिकलेलं असतं. पण खरी वसई वाड्यांमध्ये आहे. केळी, पानवेली, मोगरा, जास्वंद, सोनचाफा. तुमच्या घरी देवाला जाणारा चाफा बऱ्याचदा आमच्या कुणाच्या तरी वाडीतून पहाटेच्या लोकलने दादरला गेलेला असतो.

ही हिरवाई फुकट राहिलेली नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांसाठी जमिनी मोकळ्या झाल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली. पुढे 2020 मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि महाराष्ट्राला माहीत झाले. आम्हाला ते 'सुवार्ता'चे संपादक आणि मोर्च्यातले फादर म्हणून आधीपासून माहीत. 2024 च्या जुलैत ते गेले, तेव्हा दादा वाडीतली चाफ्याची फुलं घेऊन गेला होता.

त्याच दादाने शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर कागद समोर ठेवले. वाडी आणि घर राहणार. रस्त्यापलीकडचं भाताचं खाचर विकायचं. पुतणीला कॅनडाला शिकायला जायचंय. आमच्यात वारसा 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने चालतो, मुलगा-मुलगी समान. म्हणजे माझी सही हवी.

दादा चुकीचं काही बोलत नव्हता. मजूर मिळत नाही, अवकाळी पाऊस सांगून येत नाही आणि शेजारच्या खाचरांत भराव पडल्यामुळे पाणी निघून जायला वाट उरली नाही. 'तुला वर्षातून एकदा पेंढी लागते,' तो म्हणाला. 'मला वर्षभर शेत करावं लागतं.' यावर काय बोलणार? लोकलमधून एक पेंढी मिरवत नेणाऱ्या बाईने शेतकऱ्याला शेत राखायचा उपदेश करायचा?

मी एकच मागितलं. अजून एक हंगाम. पुतणीची पहिल्या वर्षाची फी मी आणि नवरा उसनी देऊ शकतो, तेवढं आम्ही घरी बोलून आलो होतो. दादाने विचारलं, 'आणि लावणीला कोण येणार? तुझा नवरा?' नवरा म्हणाला, 'येईन की!' आई इतकी हसली की तिला ठसका लागला. सही राहिली. नकार नाही, होकारही नाही.

दोन नोव्हेंबर : मेणबत्त्या

ऑक्टोबर संपतो आणि महिना आणखी दोन दिवस लांबतो. 1 नोव्हेंबर सर्व संतांचा, 2 नोव्हेंबर सर्व मृतांचा. यंदा तो रविवारी आला. सकाळी वांद्रे, संध्याकाळी वसई, आणि मधे रविवारच्या जम्बो ब्लॉकची धास्ती.

मुंबईत माणसाला राहायला जागा नाही, तशी पुरायलाही नाही. बहुतेकांना कबर काही वर्षांपुरतीच मिळते. मग अस्थी काढून भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवतात आणि कबर पुढच्या माणसासाठी मोकळी होते. सासरे आता अशा एका कोनाड्यात आहेत. शू बॉक्सएवढी जागा, वर नाव आणि दोन वर्षं. ममींनी फडक्याने दगड पुसला, मेणबत्ती लावली आणि पर्समधून एक भाताची लोंबी काढून ठेवली. आगेऱ्याची. मला ठाऊकही नव्हतं की त्या दर वर्षी ठेवतात.

संध्याकाळी वसईत आजीच्या कबरीवर दादाने चाफा ठेवला. अंधार पडला तशा शेकडो मेणबत्त्या पेटल्या. दादा तिथेच हळूच म्हणाला, 'बी ठेवलंय मी बाजूला.' बस्स, एवढंच.

2026 चं कॅलेंडर आलं, तेव्हा मी जुलैच्या पानावर चार दिवसांभोवती गोल केला आणि ऑफिसात रजेचा अर्ज टाकला. बॉसने कारण वाचून विचारलं, 'लावणी? म्हणजे डान्स शो?'

तुम्हाला यायचंय?

* आगेरा : ऑक्टोबरचा पहिला रविवार. गोराई, मनोरी, उत्तनसह मुंबईच्या अनेक गावठाणांत. सकाळीच या. मिरवणुकीत सामील व्हायला कुणी अडवत नाही, फोटो मात्र विचारून काढा.
* मोतमाउलीची जत्रा : 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर. माउंट मेरीला गाडीने जाण्याचा हट्ट नको.
* कोर्लई : भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, पुढे अलिबाग-रेवदंडामार्गे. किल्ल्यावर पाणी सोबत ठेवा.
* निर्मळची जत्रा : कार्तिक वद्य एकादशीपासून. शंकराचार्यांच्या समाधीची जत्रा, पण आम्ही ख्रिस्तीही तितक्याच हौसेने जातो. सुकेळी घ्यायला विसरू नका.
* 2 नोव्हेंबर : कुणाच्या घरचं बोलावणं असेल तर जरूर जा. हातात एक मेणबत्ती असू द्या, मोबाइल खिशात.