गव्हाणीतील काड्या

डिसेंबर महिना अर्धा सरला की वसईच्या वाड्यांत, वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांत आणि गोव्याच्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती घरांवर कागदी तारे झळकू लागतात. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि आत एक दिवा असा तो तारा दारावर चढला, म्हणजे नाताळ जवळ आला असे मुले समजतात. मग अंगणाच्या एखाद्या कोपऱ्यात गोठा उभा राहतो. मातीच्या गाई, मेंढ्या, मेंढपाळ, मरिया आणि योसेफ ही सारी मंडळी त्यात आपापल्या जागी येऊन बसतात. मात्र मधोमध ठेवलेली गव्हाण रिकामीच असते. बाळ येशूची मूर्ती तीत ठेवावयाची ती नाताळच्या रात्री.

ह्या रिकाम्या गव्हाणीविषयी अनेक कॅथलिक घरांत, शाळांत आणि मठांत एक सुंदर प्रथा आहे. नाताळपूर्वीचे सुमारे चार आठवडे मनाच्या तयारीचे मानले जातात. त्या दिवसांत कोणी आपल्या वाट्याची वस्तू दुसऱ्यास दिली, कोणाचे ओझे हलके केले किंवा ओठांवर आलेला कठोर शब्द गिळून टाकला, तर त्याने गुपचूप जाऊन गव्हाणीत गवताची एक काडी ठेवावयाची. ती कोणी ठेवली आणि कशासाठी ठेवली, हे कोणी कोणास विचारीत नाही. काडीवर काडी पडत जाते आणि नाताळच्या रात्री बाळासाठी मऊ बिछाना तयार होतो.

परंतु जगाचा तारणारा म्हणून ज्याला ख्रिस्ती लोक भजतात, त्याला गवताचा बिछाना का लागावा? ती कथा अशी आहे. रोमन बादशहाने शिरगणतीचा हुकूम काढला आणि प्रत्येकाला आपापल्या पूर्वजांच्या गावी जाणे भाग पडले. योसेफ आणि मरिया बेथलेहेमास आले. मरियेचे दिवस भरत आले होते. परंतु उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. बाळ जन्मास आले, तेव्हा त्याला जनावरांच्या गव्हाणीत निजवावे लागले. ही कथा ऐकताना प्रत्येकास वाटते, ‘आपण तेथे असतो तर दार उघडले असते!’ पण खरोखरच उघडले असते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देणे सोपे आहे. ते दारानेच द्यावे लागते. व्रतस्थ जीवन पत्करलेल्या काही भगिनींनी ते तसे दिले आहे.

१८३९ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात समुद्रकाठच्या एका लहान गावात झान ज्युगाँ नावाची स्त्री राहत होती. दुसऱ्यांच्या घरी कामे करून ती आपले पोट भरीत असे. वयाची सत्तेचाळीस वर्षे उलटली होती आणि गाठीला विशेष काही नव्हते. एके दिवशी तिला एक वृद्धा आढळली. ती आंधळी होती, तिचे अर्धे अंग लुळे पडले होते आणि तिला कोणी वाली उरला नव्हता. झानने तिला उचलून आपल्या बिऱ्हाडी आणले, जिना चढवून वर नेले आणि स्वतःच्या बिछान्यावर निजविले. घरात दुसरा बिछाना नव्हता. म्हणून झान स्वतः माळ्यावर जाऊन झोपली. ह्या एका बिछान्यातून पुढे ‘गरिबांच्या लहान भगिनी’ हा संघ उभा राहिला. निराधार वृद्धांना आपल्या घरी आणावयाचे, त्यांच्यासाठी दारोदार मागावयाचे आणि अखेरच्या श्वासापर्यंत त्यांची सेवा करावयाची, हे त्या संघाचे व्रत ठरले.

ह्याच संघाचे एक घर कलकत्त्यास, म्हणजे आजच्या कोलकात्यास आहे. १९४८ सालच्या डिसेंबरात त्या घरी एक पाहुणी उतरली होती. तिचे वय अडतीस वर्षांचे. अंगावर निळ्या काठांची साधी पांढरी सुती साडी. ह्याच मदर तेरेसा.

त्यांचा जन्म १९१० साली बाल्कन प्रदेशातील स्कोप्ये शहरी एका अल्बेनियन कुटुंबात झाला. अठराव्या वर्षी त्यांनी घर सोडले, त्या आयर्लंडमध्ये लोरेटो संघात दाखल झाल्या आणि १९२८ सालच्या डिसेंबरात भारताच्या वाटेला लागल्या. घरापासून दूर असा त्यांचा तो पहिला नाताळ समुद्रावरच गेला. पुढे कलकत्त्यातील एंटाली भागात मठाच्या शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकविले. १९४४ साली त्या मुख्याध्यापिका झाल्या. शाळा नीटनेटकी होती, बाग सुंदर होती, विद्यार्थिनींचे त्यांच्यावर प्रेम होते. पण कुंपणाच्या भिंतीपलीकडेच मोतीझील नावाची झोपडपट्टी पसरली होती. मोतीझील म्हणजे मोत्यांचे तळे! प्रत्यक्षात तेथे घाणेरड्या पाण्याचे एक डबके होते आणि त्याच्या भोवती दाटीवाटीने झोपड्या उभ्या होत्या. १९४३ चा दुष्काळ आणि १९४६ च्या दंगली ह्यांनी शहराची दैना केली होती. भिंतीच्या अलीकडे राहून पलीकडच्यांसाठी प्रार्थना करणे आता त्यांना पुरेसे वाटेना. त्यांनी वरिष्ठांची आणि रोमची अनुज्ञा मागितली. ती मिळेपर्यंत थांबावे लागले. अखेर १९४८ सालच्या ऑगस्टमध्ये त्या मठाबाहेर पडल्या आणि पाटण्यास जाऊन तेथील भगिनींच्या रुग्णालयात शुश्रूषेचे धडे घेऊन डिसेंबरात परतल्या.

२१ डिसेंबर १९४८ रोजी त्या मोतीझीलमध्ये गेल्या. नाताळला अवघे चार दिवस उरले होते. शहरातील देवळांत गोठ्यांची आरास चालली असेल. मोतीझीलमध्ये मात्र खरेखुरे गोठ्यासारखे जिणे होते. शाळेला इमारत नव्हती, बाक नव्हते, फळा नव्हता. त्यांनी एक काटकी उचलली आणि जमिनीवर धुळीत अक्षरे काढली. मुले भोवती बसली. ज्यांची अंगे मळली होती, त्यांना त्यांनी धुऊन पुसून स्वच्छ केले. अभ्यास करणाऱ्यास बक्षीस मिळू लागले ते साबणाच्या वडीचे! नाताळच्या तोंडावर त्या वस्तीत गेलेली हीच पहिली भेट.

हे सारे सहज घडले असे मात्र समजू नये. पुढल्याच वर्षाच्या आरंभी राहण्यासाठी जागा शोधीत त्या शहरभर हिंडल्या. चालून चालून हातपाय दुखू लागले, तरी जागा मिळेना. तेव्हा सोडून आलेल्या मठाची सुखे डोळ्यांपुढे उभी राहिली. परत जाण्यास एक शब्द पुरेसा होता. त्या दिवसाविषयी त्यांनी लिहून ठेवले आहे. आपले पाय जर एवढे दुखतात, तर अन्न, औषध आणि निवारा शोधीत फिरणाऱ्या गरिबांचे शरीर आणि मन किती दुखत असेल, असा विचार त्यांच्या मनात आला. बेथलेहेमची कथा त्यांनी पुस्तकांत अनेकदा वाचली होती. त्या दिवशी ती त्यांच्या पायांना कळली. त्या परत फिरल्या नाहीत. काही दिवसांत एका सज्जनाने आपल्या घराचा वरचा मजला त्यांना राहावयास दिला. मार्च महिन्यात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी येऊन त्यांना मिळाली. मग दुसरी आली, तिसरी आली. १९५० साली ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ हा संघ रीतसर स्थापन झाला.

१९५२ साली एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट घडली. रस्त्यावर मरणोन्मुख पडलेल्या माणसांना ठेवण्यासाठी भगिनींना जागा हवी होती. कलकत्त्याच्या महापालिकेने त्यांना कालीघाटच्या देवीच्या मंदिरालगतची जागा दिली. पूर्वी ती यात्रेकरूंची धर्मशाळा होती! बेथलेहेमच्या उतारशाळेत ज्याला जागा मिळाली नव्हती, त्याच्या नावाने सेवा करणाऱ्या भगिनींना देवीच्या दारची धर्मशाळा मिळाली. तेथे येणाऱ्याला त्याचा धर्म सोडावा लागत नसे. हिंदूच्या मुखी गंगाजल पडे, मुसलमानास कुराणाची वचने ऐकविली जात. ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे ज्याला त्याला निरोप मिळे.

त्यानंतर कित्येक वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. एड्स हा रोग १९८१ साली प्रथम ओळखला गेला. त्यावर त्या काळी औषध नव्हते आणि लोकांच्या मनात विलक्षण भय होते. रोग्यास शिवल्याने किंवा त्याच्याबरोबर जेवल्याने तो होत नाही, हे डॉक्टर सांगत होते. पण भय कोणाचे ऐकत नाही. अमेरिकेत १९८५ साली हा रोग झालेल्या एका तेरा वर्षांच्या मुलाला शाळेत येण्याचीही मनाई झाली. न्यूयॉर्क शहरात अशा रोग्यांसाठी घर काढण्याचा एक बेत तेथील पालकांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला होता. ‘येथे जागा नाही,’ हेच जुने वाक्य नव्या तोंडांनी बोलले जात होते.

त्याच वर्षी मदर तेरेसांनी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात एका चर्चच्या आवारातील घर ह्या रोग्यांसाठी उघडले. त्याचे नाव ‘गिफ्ट ऑफ लव्ह’, म्हणजे प्रेमाची भेट. ते उघडले गेले तो दिवस २४ डिसेंबरचा, नाताळच्या पूर्वसंध्येचा होता. सिंगसिंगच्या तुरुंगातही ह्या रोगाने ग्रासलेले काही कैदी होते. त्यांचा नाताळ तुरुंगात जाऊ नये म्हणून मदर तेरेसांनी राज्याच्या गव्हर्नरांकडे शब्द टाकला आणि त्या दिवशी तीन कैदी बाहेर आले. त्यांनी गुन्हे केले होते, हे खरे. परंतु दार उघडण्यापूर्वी त्यांच्या पूर्वायुष्याची झडती घेण्याची भगिनींना गरज वाटली नाही. घर लहान होते. फार थोड्या रोग्यांची सोय त्यात होऊ शके. तरी भयभीत शहराच्या मध्यावर एक दार उघडे झाले. आज ह्या रोगावर चांगली औषधे निघाली आहेत आणि ती नियमित घेणारी माणसे दीर्घकाळ जगतात. ज्यांना त्या वेळी भयाने दूर लोटले गेले, त्यांच्या हातात मात्र मरताना कोणाचा तरी हात असणे हेच एकमेव औषध होते.

मदर तेरेसांच्या कार्यावर टीकाही पुष्कळ झाली. त्यांच्या घरांत वैद्यकीय साधने तोकडी आहेत, दारिद्र्याच्या मुळावर तेथे घाव घातला जात नाही, असे अनेकांनी म्हटले. त्यात विचार करण्याजोगे बरेच आहे. रोग हटविण्यास रुग्णालये हवीत आणि दारिद्र्य हटविण्यास न्यायाची व्यवस्था हवी. परंतु ती व्यवस्था उभी राहीपर्यंत आज रात्री रस्त्याकडेला पडलेल्या माणसाने कोठे जावे? ह्या प्रश्नाला कोणीतरी आजच उत्तर द्यावे लागते.

१९७९ सालच्या डिसेंबरात मदर तेरेसांना ऑस्लो येथे नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. त्या प्रसंगीची मेजवानी रद्द करून तिचा खर्च गरिबांना द्यावा, अशी त्यांनी विनंती केली आणि ती मान्य झाली. तेथील भाषणात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. कलकत्त्यात साखर मिळेनाशी झाली असता चार वर्षांच्या एका हिंदू मुलाने तीन दिवस साखर न खाण्याचे ठरविले आणि आपल्या वाट्याची साखर त्यांच्या मुलांसाठी आणून दिली. ही पहिली गोष्ट. दुसरी एका वृद्धाश्रमाची. तेथे सर्व सुखसोयी होत्या, पण प्रत्येक म्हातारा माणूस दाराकडे डोळे लावून बसला होता आणि कोणाच्याही मुखावर हसू नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की, आज तरी मुलगा येईल, मुलगी येईल, अशी आशा करीत ते रोजच तसे बसत. गरिबांचा शोध आधी आपल्याच घरात घ्या, असे मदर तेरेसांनी त्या थोर सभेला सांगितले.

५ सप्टेंबर १९९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या भगिनी आज शंभरांहून अधिक देशांत सेवा करीत आहेत. नाताळच्या दिवशीही रोग्याला अंघोळ घालावी लागते, अनाथ बाळाचे दूध वेळेवर गरम करावे लागते, म्हाताऱ्याची चादर बदलावी लागते. ही कामे सणाला थांबत नाहीत. त्या भगिनींचा सण ह्या कामांतच असतो.

मध्यरात्री घंटा वाजतात. बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवली जाते. खालच्या गवतात झानच्या बिछान्याची काडी कोणती, धुळीत अक्षरे काढणाऱ्या हाताची कोणती आणि साखर सोडणाऱ्या लहानग्याची कोणती, हे कोणालाच सांगता येणार नाही. सांगण्याची आवश्यकताही नाही. बाळाला ऊब मिळते, एवढे पुरेसे आहे.