पट्टा चढवण्याआधी

मच्छीमार नगर, कफ परेड
जुलै

चि. बंड्यास,


फोटो पाहिले. पीटी-७६ रणगाड्याचं किट आणलंस हे झकास केलंस. सगळी पोरं जर्मन टायगरच्या मागे; आपल्या फौजेने ज्यातून लढाई जिंकली तो रणगाडा मात्र कुणी हातात धरत नाही. त्यातून हा पाण्यावर चालणारा. चौदा टनांचा गडी, मागच्या दोन तोंडांतून पाणी फेकत ताशी दहा किलोमीटरने नदी कापतो. आमच्या वस्तीत त्याला मान मिळणारच.

पण फोटोत डाव्या अंगाची सहाही चाकं चिकटवलेली दिसली. उजवी अजून सुटी असतील तर हात आवर.

कंपनीचा कागद सांगतो की चाकं लावा, पट्टा चढवा, मग वरचं अंग करा. ते जोडणीपुरतं ठीक आहे. रंगाच्या दृष्टीने हा उलटा कारभार. चाकं बसली की त्यांच्या मागे ब्रश जात नाही आणि पट्टा चढला की चाकांवर जात नाही. सध्या इथे सगळ्या होड्या शाकारून ठेवल्यात, ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी. कुणी जुनी होडी बघायला आला तर आधी खाली वाकून तळ बघतो. रणगाड्याचंही तसंच. तोफेला सगळेच वाखाणतात, पण जाणता माणूस चाकं बघतो.

तेव्हा चाकं सुटीच ठेव. कटरने चाकापासून थोडं लांब काप, उरलेला कोंब नंतर पात्याने छाट. साच्याची रेघ कडेभर फिरलेली असते. ती आधी चारशेच्या आणि मग सहाशेच्या पॉलिश पेपरने घालव. प्रत्येक चाक टूथपिकवर खोवून थर्माकोलमध्ये रोव. इथे मासळीच्या खोक्यांचे तुकडे हवे तेवढे पडलेले असतात, तू पुण्यात फ्रीजच्या पॅकिंगमधला घे. प्रायमर, मग हिरवा. कडेच्या रबराला ब्रश फिरवायचा नाही. ब्रश स्थिर धर आणि टूथपिक फिरव. कड आपोआप गोल येते. रबर कधी काळंकुळकुळीत करू नकोस. धुळीत चाललेलं रबर राखाडीच असतं. या रणगाड्याची चाकं तरंगायला मदत व्हावी म्हणून आतून पोकळ केलेली आहेत. मॉडेलमध्ये ते दिसणार नाही, पण बनवणाऱ्याला ठाऊक असावं.

आता पट्टा. सुट्या कड्यांचा असेल तर पट्टीच्या काठाला धरून सरळ रांग लाव, पातळ सिमेंट टेकव आणि थांब. कड्या धरून राहतील पण वाकतील, एवढंच सुकू दे. मग चाकं न चिकटवता नुसती जागेवर बसव आणि त्यांवरून गुंडाळ. मागचं दातेरी चाक तोवर चिकटवायचं नाही, ते फिरवून ताण जमवता येतो. पीटी-७६ ला वरून पट्टा पेलणाऱ्या छोट्या चकत्या नाहीत. वरचा पट्टा चाकांच्या डोक्यावर लोळतो. हा झोल आला नाही तर रणगाडा खेळण्यातला दिसतो. मडगार्ड आणि पट्टा यांच्यात स्पंजचा तुकडा रात्रभर कोंबून ठेव. सुकल्यावर मागच्या-पुढच्या टोकांच्या दोन्ही चाकांसकट पट्टा अखंड निघतो. तो वेगळा रंगव.

पट्ट्याला रंग कोणता, हे मात्र मी सांगणार नाही. आधी तू मला सांग, तुझा रणगाडा कुठल्या सकाळी कुठे उभा आहे?

२१ नोव्हेंबर १९७१, पूर्व पाकिस्तानातलं गरीबपूर म्हणालास, तर आपल्या ४५ कॅव्हलरीचे चौदा पीटी-७६, समोर पाकिस्तानचे शॅफी रणगाडे, आणि इतकं धुकं की शत्रू अगदी जवळ येईपर्यंत दिसेना. युद्ध जाहीर व्हायला अजून बारा दिवस होते. स्क्वाड्रनचे मेजर दलजितसिंग नारंग तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. म्हणजे पाऊस सरलेली भातखाचरं, वर सुकलेली फिकट माती, सांध्यांत ओलसर गडद. चिखलाचे गोळे नकोत.

मेघना नदी म्हणालास तर सगळंच बदलतं. त्याच युद्धात, डिसेंबरात, जनरल सगतसिंगांच्या फौजेने ती ओलांडली तेव्हा अर्ध्या तासात या रणगाड्यांची इंजिनं तापायला लागली आणि तिथल्या देशी होड्यांनी त्यांना ओढून नेलं. इथल्या होड्यांच्या इंजिनवाल्यांना हे सांगितलं तर दोघांनी एकदम विचारलं, ‘थंड व्हायला पाणी कुठून घेत होतं?’ रणगाडा ओढला याचं कुणाला नवल नाही! तो देखावा करायचा तर पाणी अडवणारी पुढची फळी उभी, खालचं अंग धुतलेलं, पट्ट्यावर नदीचा गाळ.

गंज बेतानेच दे. रोज चालणाऱ्या पट्ट्याची जमिनीला लागणारी उभारी घासून चकचकते, दातेरी चाकाचे दातही. तिथे मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळ, पुरे. तांबडा गंज उभ्या राहिलेल्या रणगाड्याचा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जरूर जा, तुला एसटीने तीन तास. पीटी-७६ आणि शॅफी दोन्ही बघ, चाकाला प्रदक्षिणा घाल, कड्यांचे फोटो काढ. फक्त रंग तिथून उचलू नकोस. वर्षानुवर्षं न हललेल्या पट्ट्याकडून चालत्या पट्ट्याचा रंग कसा शिकणार?

इथे हवेत इतकं पाणी आहे की स्प्रे मारला की पांढरट साय धरते. म्हणून माझं काम नारळी पौर्णिमेनंतर. तुझ्याकडे ऊन पडेल त्या दुपारी मार.

डाव्या चाकांचं काय करायचं विचारशील. पात्याचं टोक हळूच मागून घाल. दोन तरी शाबूत निघतील. निघाली नाहीत तर त्या बाजूला गवत लाव. ताईला नमस्कार सांग, आणि सुकट कुणाबरोबर पाठवू ते कळव.

तुझा,
मामा