हृदयाची साक्ष

प्राचीन इजिप्तमध्ये प्रेत टिकवण्याचं काम करणारे लोक मेंदू नाकावाटे काढून टाकत. फुप्फुसं, यकृत, जठर, आतडी काढून निरनिराळ्या चार बरण्यांत ठेवत. उरलेला देह नॅट्रॉन नावाच्या क्षारात सुकवत. सगळा विधी सत्तर दिवसांचा. एवढ्या काटछाटीत हृदयाला मात्र ते सहसा हात लावत नसत. विचार, आठवण, बरंवाईट जाणणं हे सारं हृदयात वसतं अशी त्यांची धारणा होती, आणि मेलेल्याला मृतांचा देव ओसायरिस याच्या दरबारात ते लागणार होतं. तिथे त्याचं वजन व्हायचं.

हा प्रसंग आनी नावाच्या लेखनिकाच्या पपायरसवर फार सुंदर रंगवला आहे. ख्रिस्तपूर्व १२५०च्या आसपासचा हा पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. डावीकडून आनी आणि त्याची बायको तुतू अदबीनं वाकून आत येतात. मधे तराजू. एका पारड्यात आनीचं हृदय, दुसऱ्यात मआतचं पीस. सत्य, न्याय आणि जगाची नीट बसलेली घडी म्हणजे मआत. ती देवीही आहे. अनुबिस हा देव काटा तपासतो, थोथ हा दुसरा देव निकाल लिहायला उभा. त्याच्या मागे अम्मित : डोकं मगरीचं, पुढचा भाग सिंहाचा, मागचा पाणघोड्याचा. हृदय खोटं ठरलं तर ती ते गिळणार. मग त्या माणसासाठी पुढे काहीच उरत नाही.

दरबारात बेचाळीस देवांसमोर मेलेला माणूस आपण काय काय केलं नाही ते सांगतो. या कबुलीच्या वेगवेगळ्या प्रतींमधली पापं मी वाचत जातो तेव्हा मला ती माणसं फार जवळची वाटतात. तान्ह्या मुलांच्या तोंडचं दूध काढून घेणं, मापात मारणं, कुणाला रडवणं, वाहतं पाणी अडवणं. नाईलच्या पुरावर पोट असलेल्या देशात शेजाऱ्याचं पाणी तोडणं हे देवासमोर जाब द्यावा एवढं मोठं पाप होतं, यात मला त्या धर्माचा खरेपणा दिसतो.

मेलेल्यांसाठीचे असे पट तयार करूनही विकत, नावाची जागा मोकळी सोडून. आनीच्या पटातही काही ठिकाणी त्याचं नाव मागाहून भरलेलं आहे. म्हणजे पैसे टाकून निर्दोष सुटण्याचीच ही सोय, असा आक्षेप घेतला जातो. व्यवहार होता, ते मान्य. पण एवढा खर्च करूनही त्यांची धाकधूक गेली नव्हती. तिचा पुरावा म्हणजे प्रेताच्या छातीवर ठेवलेला, बहुधा हिरवट दगडाचा शेणकिडा. त्यावर एक विनवणी कोरलेली असते आणि ती देवाला उद्देशून नसते. आईकडून मिळालेल्या हृदयालाच माणूस विनवतो, की तिथे माझ्याविरुद्ध उभं राहू नकोस. बेचाळीस देवांसमोर नाही म्हणता येतं; आत बसलेल्या साक्षीदाराचं तोंड कसं बंद करणार? माणसाच्या मनाची इतकी अचूक पारख मला फार थोड्या धर्मकल्पनांत आढळली आहे.

हा हिशेब जिवंतपणीही चालू असे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात एका विधुरानं आपल्या मृत बायकोला, अंखिरीला, लिहिलेलं पत्र आहे. आपल्यामागे लागलेली पीडा तीच देते आहे असं त्याला वाटतं. तो तक्रार करतो, परलोकातल्या देवांपुढे दाद मागण्याची धमकी देतो, आणि मग आपण तिच्याशी कसे वागलो ते सांगत सुटतो. हुद्दा वाढला तरी तुला सोडलं नाही. आजारी पडलीस तेव्हा वैद्य आणला. तुला गुंडाळायला चांगलं कापड दिलं. तीन वर्षं झाली, एकटाच राहतो आहे. हे वाचताना मला तो धमकी देणारा नवरा दिसत नाही, तिच्यासाठी आपण पुरेसं केलं का, या प्रश्नानं पोळलेला माणूस दिसतो.

कुठल्याही संग्रहालयात इजिप्तच्या दालनात गेलात, तर सोन्याच्या मुखवट्यांवरून नजर काढून असा एखादा दगडी शेणकिडा शोधा. त्याच्या पाठीवरच्या नक्षीवर थांबू नका. मांडणीत खालची सपाट बाजू दिसत असेल तर ती जरूर पाहा. हृदयाला केलेली विनवणी तिथे कोरलेली असते.