धूर, उजेड, पाणी, वारा

खापरखेड्याच्या माणसानं आभाळ बघून पावसाचा अंदाज सांगू नये. आमच्याकडे चिमण्यांच्या तोंडाशी एक ढग बाराही महिने टांगलेला असतो. पाहुणे विचारतात, "भरून आलंय का?" आम्ही म्हणतो, "नाही हो, प्लांट आहे." २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० चा एक, सगळे चालू असले की या ढगाला चांगलं बाळसं येतं. दोरीवरचे कपडे आधी झटकायचे, मग घडी घालायची, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

आषाढातली एक सुटी मी रामटेकसाठी राखतो. एकटाच जातो. यात वैराग्य वगैरे काही नाही. सोबत कोणी असलं की मी बोलत सुटतो आणि मग चढताना धाप लागते. शेजारचे काका दरवर्षी विचारतात, "अरे, वरपर्यंत रस्ता आहे ना, गाडी काऊन नाही नेत?"

मनसरला मँगनीजच्या खाणींपाशी फाटा फुटतो आणि धानाच्या बांध्यांमागून टेकडी वर येते. सह्याद्री पाहिलेला माणूस हिला डोंगर म्हणणार नाही. पण आमच्याकडे जमीन इतकी आडवी पडलेली, की कोणी एवढं उठून बसलं तरी पुष्कळ झालं.

मी अंबाळ्यावरून चढतो. तळ्याच्या घाटावर कोणाचे तरी दिवस चाललेले असतात. पिंड, कावळे, ओलं धोतर. तिथून दगडी पायऱ्या सुटतात. पावसात त्यांच्यावर शेवाळ. गेल्या वर्षी घसरून बसलो, आणि बसलो म्हणूनच मिरगाचा किडा दिसला. लाल मखमलीचा, मसुराच्या दाण्याएवढा. पायरीच्या कडेला आला, थांबला, पुढचे पाय हवेत चाचपले आणि उभ्या दगडावरून सरळ खाली चालू लागला. त्या एका पायरीला त्याला लागला तेवढ्या वेळात मी पन्नास चढलो असतो. चढलो नाही.

वर वाकाटकांच्या काळातली नरसिंहाची देवळं आहेत. चंद्रगुप्त दुसऱ्याची लेक प्रभावतीगुप्ता लग्न होऊन या घराण्यात आली. तिचं एक दानपत्र रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी दिलेलं आहे. मेघदूतातला यक्ष राहिला तो रामगिरी हाच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. पंडितांत वाद आहेत. मी खापरखेड्याचा असल्यामुळे माझा निकाल आधीच लागलेला. कारण ढग कशाचा होतो, हे कालिदास सांगतो: धूर, उजेड, पाणी आणि वारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती आमच्या प्लांटच्या सामानाची यादीच वाटली. कोळशाचा धूर, तारांतून जाणारा उजेड, पेंचचं पाणी आणि राख अंगणात आणून टाकणारा वारा. असल्या निर्जीव वस्तूच्या हाती निरोप कसा द्यायचा, हा प्रश्न कवीलाही पडला होता. आमचा ढग तर निरोप्या म्हणून अगदीच कुचकामी. जागचा हलत नाही.

वराहाच्या दगडी पोटाखालून लहानपणी सहज निघायचो. पापी माणूस अडकतो म्हणतात. यंदा प्रयत्नच केला नाही. पाप आडवं आलं असतं की तर्री-पोहे, हे उगाच कशाला ठरवा?

सर उघडली. नैर्ऋत्येकडे तोंड करून कठड्यावर बसलो. घर त्या अंगाला. दोन हातांवर एक वानर माझ्या पिशवीवर डोळा ठेवून. खाली पळसाची ओली पानं, पुढे बांध्यांतलं पाणी चमकणारं, आणि अगदी शेवटी आभाळाला चिकटलेला करडा डाग. चिमणी असावी. किंवा तिकडून निघालेली सर.

तेवढ्यात घरून फोन. "तिकडे पाऊस आहे का हो? मी आत्ताच कपडे वाळत घातले."

मी डागाकडे पुन्हा पाहिलं. थोडा रुंद झाल्यासारखा वाटला.

"आत घे," म्हटलं.

"पाऊस येतो आहे?"

"काय येतंय ते इथून कळत नाही. पण आत घे."