घरचे शब्द, शाळेचे शब्द

कळमनुरीच्या आमच्या मोहल्ल्यातली मुले सहावी ते आठवीत काय शिकतात, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल. पुस्तके बालभारतीची. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेली ही संस्था मराठी, उर्दूसह आठ भाषांत पुस्तके काढते. म्हणजे उर्दू शाळेतला मुलगा आणि मराठी शाळेतली त्याची चुलत बहीण एकच गणित शिकतात. पण संध्याकाळी एका चटईवर अभ्यासाला बसली की भांडण सुरू. तो म्हणतो मुसल्लस, ती म्हणते त्रिकोण. त्याचा जाविया, तिचा कोन. त्याचा रकबा, तिचे क्षेत्रफळ. अम्मी दोघांना दटावते, "बातां नक्को करो, हिसाब करो." घरात आम्ही बोलतो ती दखनी, म्हणजे तिसरीच बोली.

जिथे उर्दू वर्ग सातवीलाच संपतात, तिथल्या मुलाच्या पाठीवर पुढे हेच ओझे येते. त्याला त्रिकोण येतो, 'त्रिकोण' हा शब्द येत नाही. गुरुजींना वाटते, पोराला गणितच येत नाही. हळूहळू घरच्यांनाही तसेच वाटू लागते. मग पोरगा गॅरेजवर जातो आणि पोरगी घरी बसते. अशी मुले आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

खरे तर गणिताला कुठलीच भाषा परकी नाही. अल्जिब्रा हे नाव नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथातील 'अल-जब्र' या शब्दावरून आले. भास्कराचार्यांची बाराव्या शतकातली 'लीलावती' अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली फारसीत आणली. मग आमच्या फळ्यावर त्रिकोणाशेजारी मुसल्लस लिहायला असा किती खडू लागणार आहे?

इतिहासाचे मात्र तसे नाही. आठवीला हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाचा भाग येतो. आमचे गाव त्याच संस्थानातले. वर्गात रझाकारांचा परिच्छेद वाचला जातो तेव्हा काही माना आमच्या मुलांकडे वळतात. मूल घरी येऊन विचारते आणि घर गप्प बसते. गणिताला घरी निदान दुसरा शब्द तरी असतो. इथे शब्दच नाही.

तो आम्हीच द्यायला हवा. रझाकारांनी जुलूम केले, हे खरे. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, हेही खरे. १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातले कितीतरी निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली, पण तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांसमोर आला नाही. हे तिन्ही एका दमात सांगता आले पाहिजे. एक सांगून दोन लपवले तर मूल एक तर शरमेने मान खाली घालते, नाही तर रागाने मुठी आवळते. दोन्हींत शिकणे थांबते.

मुलांना फी, दप्तर, शिकवणी देऊन आमची जबाबदारी संपत नाही. रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसावे, दोन्ही पुस्तके उघडावीत, शब्दाशेजारी शब्द ठेवावा. आणि जिथे घर आजवर गप्प राहिले, तिथे तोंड उघडावे.