बर्फावरची जयणा



यंदा पर्युषणात स्थानकात प्रतिक्रमणाला आसन टाकत होते, तेवढ्यात तिघींनी मिळून विचारलं, "तुमची लेक बर्फावर घसरायला जाते म्हणे?" दोघींच्या आवाजात काळजी होती. तिसरीचा मुलगा यंदा हिमाचलात शिकायला गेलाय, तिला पत्ता हवा होता. प्रतिक्रमण सुरू होणार होतं, म्हणून तेव्हा "सांगते नंतर" म्हटलं. ते नंतर म्हणजे आज.

लेक आयआयटी मंडीला आहे. कॉलेज मंडी शहरापासून थोडं दूर, कमांदच्या खोऱ्यात आहे. ॲडमिशन झाली तेव्हा मला वाटलं, हिमाचल म्हणजे होस्टेलच्या दारातच बर्फ. तसं काही नाही. मंडी बियास नदीच्या काठावर आहे आणि हजार मीटरही उंच नाही. समोर डोंगरच डोंगर, पण घसरण्याजोगा बर्फ पाहायचा तर मनालीच्या पुढे सोलंगला जायचं. मंडीपासून मनालीच शंभर-सव्वाशे किलोमीटर. म्हणजे बीडमध्ये राहून संभाजीनगरला जाण्यासारखं, वर घाटाचा रस्ता.

२०२३ च्या जानेवारीत ती मैत्रिणींबरोबर न सांगता जाऊन आली. रस्त्यालगतच्या एका दुकानातून कोट, बूट, स्की सगळं भाड्याने घेतलं. बूट दोन नंबर मोठे. शिकवणारा म्हणून जो पोरगा सोबत दिला, त्याने धरून दहा पावलं चालवलं, फोटो काढले आणि उतारावर सोडून दिलं. थांबायचं कसं हे सांगितलंच नाही. लेक पडली, मनगट मुरगळलं. व्हिडिओ कॉलवर पट्टी दिसली तेव्हा मला कळलं. रागावले मी खूप. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मम्मी, मला हे नीट शिकायचंय. तूच शोध चांगली जागा."

मनगट बरं होणार होतं. माझा खरा पेच वेगळा होता. बर्फ म्हणजे अप्काय. दव, धुकं, गारा, हिम हे सगळं पाण्याचंच शरीर, आणि एका थेंबात असंख्यात जीव. आपल्याकडे बर्फ दिसतो तो गारपिटीत. २०१४ ची गारपीट आठवते ना? अंगणात गारांचा खच पडला होता, मुलं वेचून तोंडात टाकायला धावली आणि सासूबाईंनी दारातच अडवलं. बर्फ आणि गारा बावीस अभक्ष्यांत येतात, हे तेव्हा मुलांना पहिल्यांदा कळलं. त्याच सासूबाईंची नात आता बर्फाच्या डोंगरावरून घसरणार. तेही पोटासाठी नाही, प्रवासासाठी नाही, नुसतं मजेसाठी. आठवं व्रत घेतलंय मी, अनर्थदंड विरमण. बिनकामाची हिंसा यालाच तर म्हणतात.

चातुर्मासासाठी आलेल्या महासतीजींना भीत भीत विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "अशा कामाची आम्ही आज्ञा देत नाही आणि तू मागूही नकोस. मुलीला अप्काय काय असतं ते माहीत आहे का, एवढं बघ." घरी येऊन लेकीला फोन केला. तिला माहीत होतं. पाठशाळेत शिकलेले जीवांचे भेद तिने माझ्यापेक्षा नीट सांगितले आणि वर म्हणाली, "मम्मी, टँकरचं पाणी येतं तेव्हा आपली टाकी भरून रस्त्यावर वाहते, त्याचं काय?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या भागातली माणसं आपण, आणि टाकी आपली वाहतेच.

यांचं म्हणणं सरळ होतं. नाही म्हटलं तर ती पुन्हा त्याच दुकानात जाईल. मला ते पटलं. पेच सुटला नव्हता, तरी मी शोधायला बसले.

आपल्या देशात स्की शिकायच्या नावाजलेल्या जागा मोजक्याच आहेत. काश्मीरात गुलमर्ग, तिथे सरकारी संस्था आहे आणि केबल कार थेट अफरवटच्या डोंगरावर नेते. पण मंडीहून तिकडे जाण्यायेण्यातच सुट्टी संपते. उत्तराखंडात औली. तिथला उतार नवशिक्यांना सोपा म्हणतात, पण तेव्हाच जोशीमठच्या घरांना तडे गेले होते आणि तिथून वर जाणारा रोपवे बंद होता. मग राहिलं मनाली. तिथली अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था १९६१ पासूनची, ती हिवाळ्यात सोलंगला स्कीचे वर्ग घेते. ज्यांना दोन आठवड्यांच्या आसपास वेळ आहे त्यांनी डोळे झाकून तिथेच जावं, असं माझं मत. आमच्या लेकीला सलग तेवढी सुट्टी मिळेना. मग तिच्या सीनियर मुलींकडून सोलंगजवळच्या गावातल्या एका शिक्षकांचा पत्ता लागला. त्या बाजूची पोरं चालायला लागली की स्कीवर चढतात म्हणे. तिथल्याच बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक आणलं. स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. हे वाचलं आणि उगाच धीर आला.

शिक्षकांना मी फोनवर तीनच प्रश्न विचारले. बूट पायाच्या मापाचे मिळतील का? पडल्यावर स्की पायातून सुटते का? पहिल्या दिवशी काय शिकवता? ते म्हणाले, "पहला दिन सिर्फ रुकना सिखाते हैं, माताजी." तेव्हाच ठरवलं, इथेच.

सामानाचंही बघावं लागलं. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो, ती चिंता नाही. हातमोज्यांना मात्र तळव्याशी बरेचदा चामडं असतं आणि चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या जॅकेटांत बदकाची पिसं भरलेली असतात. लेबलवर 'डाउन' लिहिलं असेल तर ते पीसच. कृत्रिम भरणाचं जॅकेट आणि कापडी हातमोजे मिळतात, जरा शोधावे लागतात. मापाचे घेतले तर ऊबही तेवढीच.

ठरलं जानेवारी २०२४ चं, आणि बर्फच पडेना! गुलमर्गसुद्धा उघडं पडल्याचे फोटो पेपरात आले. तिकडे हिवाळ्यातला बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांवर अवलंबून असतो, आणि ते आलेच नव्हते. शिक्षक रोज सांगायचे, "आज भी नहीं." आपण मृगाकडे डोळे लावून बसतो, तसं ते अख्खं खोरं आभाळाकडे बघत होतं. तिथली सफरचंदं त्याच थंडीवर पोसतात, हॉटेलं त्याच बर्फावर चालतात. जानेवारी संपता संपता एकदाचा बर्फ सुरू झाला, आणि असा पडला की रस्ते बंद.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघंही गेलो. संभाजीनगरहून सचखंडने अंबाला, तिथून बसने मंडी. लेकीला घेऊन पुढे. २०२३ च्या पुराने बियासने खाल्लेला रस्ता जागोजागी दिसत होता. (दिशापरिमाण व्रत घेताना वर किती, खाली किती हेही वहीत लिहावं लागतं. मी विमानाचा विचार करून वरचा आकडा मोठा टाकला होता. सोलंग अडीच हजार मीटरवर आहे, तो आकडा कामी आला.)

टॅक्सीचं दार उघडलं आणि पाय ठेवायला बर्फाशिवाय जागाच नव्हती. मी किती तरी वेळ आतच बसून राहिले. शेवटी लोकांनी तुडवून काळी केलेली वाट धरून उतरले. लेकीने ते पाहिलं, बोलली काही नाही. पण वर चढताना ती मुद्दाम जुन्याच खुणांवरून चढत होती. नवशिक्यांना तिथे स्की घालून, आडवं पाऊल टाकत, स्वतःच चढावं लागतं. दहा मिनिटं चढायचं आणि अर्ध्या मिनिटात खाली. पहिला दिवस खरंच थांबण्यातच गेला. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, छपरासारखा आकार करायचा आणि आतल्या कडांवर भार द्यायचा. पडायचं तर बाजूला पडायचं, हात मागे टेकायचा नाही. मनगट गेलं होतं ते त्यामुळेच. तिसऱ्या दिवशी ती वरून सरळ माझ्या दिशेने आली. माझ्या पोटात गोळा. दोन हातांवर येऊन गप्पकन थांबली.

जेवणाचं तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. तिकडे जिथे जाल तिथे बटाटा. पण मंडीकडचं धाम, म्हणजे पंगतीचं जेवण, कांदालसणाशिवाय करायची पद्धत आहे आणि उडदाच्या वड्यांची सेपू बडी आम्हाला फार आवडली. चौविहारासाठी दशम्या, खाखरे आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच नेली होती. तिथे सूर्य डोंगराआड लवकर जातो, तरी वेळ पंचांगाचीच धरायची. लेक साडेपाचला टॅक्सीतच दशमी खायची, वरून गाळून उकळलेलं पाणी. तिचे मित्र बघत राहायचे आणि मग तेही दशमी मागायचे. माझा डबा दुसऱ्याच दिवशी संपला.

रात्री खोलीवर मी प्रतिक्रमणाला बसले. इरियावहियाच्या पाठात चालताना दुखावलेल्या जीवांत दवही येतं. इतकी वर्षं तोंडपाठ म्हणत आले, पण त्या शब्दाशी त्या दिवशी अडखळले. मागे वळून पाहिलं तर लेक आसन टाकून बसली होती. पाय दुखत होते म्हणून भिंतीला टेकून. होस्टेलला गेल्यापासून तिने प्रतिक्रमण केलेलं मी पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर पंडोहच्या धरणाजवळ तिने हळूच विचारलं, "मम्मी, पुढच्या फेब्रुवारीत?"

हे पुढच्या सीटवरून म्हणाले, "आधी सेमिस्टरचा निकाल दाखव."