अनुवादकाची जागा

हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या आमच्या ग्रंथालयात कन्नड, मराठी, इंग्रजी अशी तिन्ही भाषांची पुस्तकं आहेत. त्यांच्या एएसीआर-२ या जुन्या तालिकीकरण-नियमांप्रमाणे केलेल्या नोंदी आरडीए या नव्या नियमावलीसाठी तयार करायचं काम सध्या माझ्याकडे आहे. आरडीए २०१० साली आली; लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ती ३१ मार्च २०१३ पासून लागू केली. आमच्याकडे आत्ता पोचतेय.

कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरच्या चौकटीत नोंदीची ३३६, ३३७, ३३८ या क्रमांकांची फील्डं उघडायची, २६० मधला प्रकाशनाचा मजकूर २६४ मध्ये हलवायचा, संक्षेप सोडवून पूर्ण शब्द लिहायचे, हे सगळं मार्कएडिट या प्रोग्रामवर गठ्ठ्यानं होतं.

गठ्ठ्यानं होत नाही ते वेगळंच. आमच्या धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींचं 'रान' घ्या. जुन्या नोंदीत लेखकाच्या फील्डमध्ये, म्हणजे १०० मध्ये, जीए, आणि मूळ कादंबरीकार कॉनरॅड रिक्टर कुठंच नाही! 'शिवार' आणि 'गाव' यांचीही तीच गत. कोण लेखक, कोण अनुवादक हे संगणकाला कळायला नोंदीत आधी ते असायला हवं ना? म्हणून पुस्तक कपाटातून काढायचं, आतलं शीर्षकपान बघायचं. मग १०० मध्ये रिक्टर, २४० मध्ये मूळ शीर्षक 'द ट्रीज', आणि ७०० मध्ये जीए, नावापुढं 'अनुवादक' असं स्पष्ट लिहून. मराठीत अनुवादकानं एवढं काम करून ठेवलंय, त्याला त्याची जागा मिळालीच पाहिजे. मला आरडीए आवडते ती यासाठी.

सालाचंही तसंच. २६४ मध्ये प्रकाशन, छपाई आणि कॉपीराइट यांची सालं वेगवेगळी नोंदवता येतात. शीर्षकपानामागचं पान त्यासाठी नीट वाचावं लागतं. नव्या सहकाऱ्यांना हे कीस काढणं वाटतं. त्यांना मी जीएंच्या 'काजळमाया'ची हकिकत सांगते. १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला आणि जीएंनी पुरस्कार परत केला.

सध्या टेबलावर कन्नड कवी बेंद्रे आहेत. कवितेला अंबिकातनयदत्त, एरवी द. रा. बेंद्रे, पुस्तकं कन्नडमध्ये आणि मराठीतही. दोन्ही नावांच्या अधिकृत नोंदी एकमेकींना जोडायच्या आणि दोन्ही लिप्यांत द्यायच्या, म्हणजे कन्नडमधून शोधणाऱ्याला मराठी 'संवाद'ही सापडेल. कन्नड रूपं तपासायला शेजारच्या टेबलावरचे सहकारी बसतात, मराठी मी बघते.